सासूबाईंच्या नावावर

सावंतबाई बेल वाजवायच्या नाहीत, दाबून धरायच्या. मी गॅस बारीक करून, हात पुसत दारापर्यंत पोचेस्तोवर ती किंचाळत राहायची. दार उघडलं की 'कशी आहेस' नाही, 'चहा झाला का' नाही, थेट बातमी. "रेपो जैसे थे!" हे त्या अशा आवाजात सांगायच्या की समोरच्या घरातल्यांना वाटावं, कुणाची तरी तब्येत आज स्थिर आहे. रेपो म्हणजे देशातली मोठी बँक बाकीच्या बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, आणि तो हलला की मागोमाग आपल्या ठेवींचं व्याज हलतं, हे मला त्यांनीच जिन्यात उभं राहून समजावलं होतं. त्या सगळंच जिन्यात समजावत. आत या म्हटलं तर "बसायला वेळ कुणाला आहे?" म्हणत आणि मग तिथेच अर्धा तास उभ्या राहत.

मीरा रोडला पूनम सागरमध्ये आमची बिल्डिंग होती. परळ-लालबागच्या खोल्या विकून आलेली आमच्यासारखी मराठी घरं, काही गुजराती, काही उत्तरेकडची. बहुतेक घरांत एक तरी निवृत्त माणूस होता आणि त्या माणसाला एकच काळजी होती, व्याज कमी झालं तर भागणार कसं. सावंतबाई या सगळ्यांच्या वतीने काळजी करायच्या. सरकारी हॉस्पिटलात नर्स म्हणून नोकरी झालेली, त्यामुळे वॉर्डात फेरी मारावी तशी सकाळी मजल्यामजल्यावर फेरी. ठेंगणा बांधा, सुती साडी, साडीखाली कॅनव्हासचे बूट. खांद्याच्या पिशवीत छत्री, डिंकाची कांडी, पासपोर्ट साइजचे फोटो आणि स्वतःचं पेन. बँकेतलं पेन दोरीला बांधलेलं असतं आणि लिहीत नसतं, असा त्यांचा अनुभव. खालच्या मजल्यावरच्या शाहबेनला त्या गुजरातीत ओरडून सांगायच्या, "बेन, व्याज घटी गयुं!" आणि रिक्षावाल्याला हिंदीत, "भैया, बैंक बंद होने से पहले पहुँचाओ, बाकी गप्पा बाद में." गप्पा हा शब्द हिंदीत तसा चालत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि रिक्षावाल्यांना कळायचं.

मी शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा मिळालेली रक्कम नुसती बचत खात्यात पडून होती. हे त्यांना कळलं त्या दिवशी त्या खरोखर चिडल्या. "कुंदा, अगं दूध तापवून ओट्यावर उघडं ठेवलंयस तू! वर पंखा चालू!" मी म्हटलं, "ताई, बघते पुढच्या आठवड्यात." त्यांनी चपला घालायला लावल्या आणि मला तशीच गाऊनवर ओढणी टाकून बँकेत नेलं. बँकेतल्या पोराने ठेवीऐवजी कसलीशी विम्याची पॉलिसी पुढे केली, तर त्याला म्हणाल्या, "बाळा, हिचं वय बघ आणि पॉलिसीची मुदत बघ. पैसे घ्यायला हिने वरून खाली यायचं का?" तो पोरगा नंतर त्यांना पाहिलं की स्वतःहून पाणी आणून द्यायचा.

पैशांची ही धास्ती कुठून आली होती ते बिल्डिंगला ठाऊक होतं. बाईंच्या यजमानांनी, सावंतांनी, निवृत्तीचे सगळे पैसे एका पतपेढीत ठेवले होते. संचालक गावाकडचा, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसणारा. आपला माणूस म्हणून यांनी कागदसुद्धा नीट वाचले नाहीत. एक दिवस पतपेढीचं शटर खाली आलं ते आलंच. सावंत रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट खोचून त्या शटरसमोर जाऊन उभे राहायचे. बाकीचे लोक मोर्चे काढत होते, हे नुसते उभे. वर्ष सरायच्या आत गेले. बाई म्हणायच्या, "पैसे बुडाले म्हणून नाही गेले ते. वाट बघत बसले म्हणून गेले." तेव्हापासून बसणं या क्रियापदावरच त्यांचा राग होता. पाव टक्का कुठे जास्त दिसला की ठेव मोडून तिकडे. मोडण्याचा दंड आणि वाढीव व्याज यांचा हिशेब केला तर कित्येकदा हाती काहीच उरायचं नाही, हे मी एकदा बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

एकदा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी गुंतवणूक मार्गदर्शन झालं. टाय लावलेले दोन तरुण, पडद्यावर चढत जाणाऱ्या रेषा आणि शेवटी मोफत जेवण. जिलेबीचा वास पहिल्या रेषेपासूनच येत होता. त्या पोरांनी आम्हाला इतक्या वेळा 'आई-बाबा' म्हटलं की काहींचे डोळे पाणावले. जेवणं झाली, फॉर्म फिरू लागले, आणि अर्ध्या बिल्डिंगने चेक काढायला पर्समध्ये हात घातले. सावंतबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाळांनो, मला उद्या पैसे लागले तर उद्या मिळतील?" पोरं इंग्रजीत काहीतरी बोलली. त्यांनी तोच प्रश्न हिंदीत विचारला, मग शाहबेनकडे बघून गुजरातीत. तिन्ही भाषांत उत्तर आलं नाही. पर्सा बंद झाल्या. नंतर मी विचारलं, जेवल्या का नाहीत? तर म्हणाल्या, "खाल्लं की नाही म्हणायला जड जातं. आपण मराठी माणसं तिथेच मरतो."

आणि नोव्हेंबर! नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं. सावंतबाई लिफ्टसमोर टेबल मांडून सगळ्या म्हाताऱ्यांना ओळीत उभं करायच्या आणि अंगठ्याचं यंत्र असलेल्या मुलाला तिथेच बोलवायच्या. भांडी घासून, पीठ मळून बायकांच्या बोटांवरच्या रेषा गेलेल्या. यंत्र म्हणायचं, जुळत नाही. बाई त्यांच्या हातात गरम चहाचा ग्लास द्यायच्या, बोटं पुसायच्या, पुन्हा लावायच्या आणि यंत्रालाच दम द्यायच्या, "धडधडीत उभी आहे समोर, दिसत नाही तुला?" कुणाचं जुळलं की ओळीतले टाळ्या वाजवायचे.

अशी ही बाई. आणि एक दिवस बेल दाबून धरून त्यांनी मला जी बातमी दिली, ती ऐकून मी दारातच हसत सुटले. भाईंदर पूर्वेच्या एका लहानशा बँकेने ऐंशी पार केलेल्यांना नेहमीच्या ज्येष्ठांपेक्षाही जास्त व्याज जाहीर केलं होतं. आणि सावंतबाईंच्या घरात ऐंशी पार केलेलं माणूस होतं, त्यांच्या सासूबाई.

आता हे सासू-सुनेचं नातं सांगायला हवं. लग्न होऊन आल्यापासून दोघींचं पटलं नव्हतं. भांडण नाही, आवाज नाही, फक्त एका घरात दोन वेगळे कारभार. सासूबाई मालवणच्या. त्यांना सगळे आई म्हणायचे. आई बोलायच्या मालवणीत आणि सुनेशी बोलायच्या भिंतीकडे बघून. "कोणी चाय देतला काय?" असं भिंतीला विचारलं जायचं. सावंत गेल्यावर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या असतील असं आम्हाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. चहा मात्र वेळेवर मिळत राहिला.

त्या सासूच्या नावावर बाईंनी आपल्या फंडाचा मोठा हिस्सा ठेवला! पहिलं नाव आईंचं, दुसरं स्वतःचं. एका बँकेत ठेव-विम्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे बँक बुडाली तर जेवढे परत मिळतात त्यापेक्षा, रुपयाही जास्त ठेवायचा नाही, हा नियम त्यांनीच आम्हा सगळ्यांना घोकून घ्यायला लावला होता, आणि त्या वाढीव व्याजापायी तो त्यांनीच मोडला. मी हे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "एकदाच. वर्षभर. मग काढते." आवाजात इतका उत्साह होता की मला जास्त बोलवेना.

मग घरात वेगळंच चित्र दिसायला लागलं. सकाळी आईंना तांदळाची पेज. दोन दिवसांआड बीपी. पायाची सूज दाबून बघणं. बिल्डिंगला तर खाऊच मिळाला. "सावंतबाई, आजचं व्याज कसं आहे? झोप लागली ना त्याला?" बाई हसून सोडून द्यायच्या. आईही खुशीत होत्या. बँकेत गेल्या की साहेब उठून खुर्ची द्यायचे, 'आजी आजी' करायचे. घरी आल्या की जेवताना भिंतीला सांगितलं जायचं, "कोणी सुकाट भाजूक व्हया होता." आणि सुकट भाजली जायची. मला आपलं बरं वाटायचं. म्हटलं, कारण काहीही असो, त्या घरात तोंडाला चव तर आली.

वर्ष संपायला थोडे महिने राहिले असताना तो मेसेज आला. बिल्डिंगच्या ग्रुपवर, कुठून कुठून फिरत. भाईंदरच्या त्या बँकेचं काही खरं नाही, पैसे काढा, नंतर मिळणार नाहीत. असले मेसेज बाईंनी आजवर शंभर वेळा फेटाळले होते. "कुणी लिहिलंय त्याचं नाव आहे का? मग डिलीट कर," हे त्यांचं ठरलेलं. पण या वेळी त्यांनी नाव शोधलंच नाही. त्यांनी लगेच ठेव मोडण्याचा अर्ज लिहिला. मुदतीआधी मोडायची तर दोघींच्या सह्या लागत होत्या. त्यांनी आपली केली आणि अर्ज आईंपुढे धरला.

आई म्हणाल्या, "मी सय करूचंय नाय."

बाईंनी समजावलं, हात जोडले, मग आवाज चढवला. आईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळपर्यंत हेच. शेवटी बेल न वाजवताच बाई माझ्या दारात आल्या, दार उघडंच होतं. "कुंदा, तू सांग तिला. तुझं ऐकेल." आईंना माझ्याकडचं करवंदाचं लोणचं आवडायचं, एवढ्याच भांडवलावर मी गेले.

आई पलंगावर बसल्या होत्या. मी जवळ बसून म्हटलं, "आई, पैसे अडकतील हो. ताईंच्या आयुष्याची कमाई आहे. एवढी सही करा."

त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सय दिलंय काय माजा काम संपला. आता सकाळी पेज देता, पाय बघता, सुकाट भाजता. पैसे माज्या नावार आसत म्हणान. ते गेले काय मगे माका कोण इचारतलो?"

मी वर पाहिलं. सावंतबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात ते स्वतःचं पेन. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता बोलतील, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "भात लागतोय," आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने त्या बाहेर पडल्या तेव्हा जिन्यात मी त्यांना गाठलं. मी भडकलेच होते. "ताई, हे काय ऐकून घेताय? खोटं बोलतायत त्या!"

"खोटं नाही ना गं." त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "बीपी घेताना माझ्या डोक्यात व्याजच असायचं. आज जरा जास्त आलं की पुन्हा पुन्हा मोजायचे ते कशासाठी, मला माहितीये. आयुष्यभर वॉर्डात म्हाताऱ्यांच्या मुठीतून हात सोडवून घेतला मी. ती माणसं हात का धरून ठेवतात ते कळायचं मला. घरातलं नाही कळलं."

"मग आता?"

"आता काय? परत नाही विचारणार तिला."

"अहो, आणि बँक बंद पडली तर?"

"तर पडली," असं म्हणून त्या खाली निघून गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

पुढचे दिवस वाईट गेले. त्या बँकेबाहेर सकाळी रांग लागायला लागली. सावंतबाई शेअर रिक्षाने भाईंदरला जायच्या आणि समोरच्या फूटपाथवर उभ्या राहून ती रांग बघून यायच्या. अर्ज पिशवीत होता, सही एकच होती. घरी आल्या की पूनम सागरच्या गल्लीत फेऱ्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत. मी खिडकीतून बघायचे. सावंतही असेच शटरसमोर उभे राहायचे, हे मला आठवायचं आणि त्यांनाही आठवत असणार. पेज मात्र रोज सकाळी होत होती. बीपीचं यंत्र रोज निघत होतं. आणि सहीचा विषय त्यांनी खरंच एकदाही काढला नाही. आई त्यांच्याकडे चोरून बघायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "ही इचारीत नाय आता." त्यात तक्रार होती की भीती, ते मला सांगता आलं नाही.

बँक वाचली. कसल्याशा खुलाशाचा कागद दारावर लागला, साहेबांनी रांगेतल्यांना पैसे मोजून दिले, आणि पैसे मिळतायत म्हटल्यावर रांग विरघळली. नशीब, दुसरं काही नाही. बाईंनी बेल दाबून धरली नाही त्या दिवशी. साधी वाजवली आणि म्हणाल्या, "आहे म्हणे सगळं."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ठेवीची मुदत संपल्यावर. मी नाशिकला लेकीकडे कायमची निघाले होते आणि खातं बदलायचं म्हणून स्टेशनजवळच्या मोठ्या बँकेत गेले होते. तिथे दोघी होत्या. मुदत संपल्यावर आईंच्या सहीची गरज उरली नव्हती, दोघींपैकी एकीची चालत होती. भाईंदरहून बाईंनी एकटीच्या सहीवर पैसे काढून आणले होते, आणि तरी आज आईंना रिक्षात घालून सोबत आणलं होतं. आई टेबलासमोरच्या खुर्चीवर, बाई अर्थातच उभ्या.

टेबलामागे नवीनच आलेला मुलगा होता. कागद बघून तो उत्साहाने म्हणाला, "मॅडम, एक सजेस्ट करू? पहिलं नाव आजींचं टाका ना. ऐंशीच्या वरच्यांना आपल्याकडे पण रेट जास्त आहे. बऱ्याच लोकांना माहीत नसतं."

मीरा रोडमध्ये हे या बाईला सांगायचं! पण सावंतबाई मन लावून ऐकत होत्या.

"हो का? बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पण माझ्या एकटीच्या नावावर करा."

आईंनी मान वर केली. भिंतीकडे नाही, सुनेकडे. "गो नलू, जास्त मिळतत म्हणता तो. ठेव माज्या नावार."

"नको, आई."

"कित्याक?"

"तुमच्या नावावर आता काही ठेवायचं नाही. एक रुपया नाही."

मुलगा संकोचून कॉम्प्युटरमध्ये बघायला लागला. शेजारच्या रांगेतली आमच्याच बिल्डिंगमधली एक बाई माझ्याकडे बघून भुवया उडवून गेली. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं असणार की सावंतबाईंनी म्हातारीचं नाव काढून टाकलं. पाव टक्क्यासाठी भाईंदर-मीरा रोड पालथं घालणाऱ्या बाईने कमी व्याजाच्या कागदावर सही केली आणि पेन पिशवीत टाकलं.

बाहेर आल्यावर मी दोघींना रिक्षात बसायला मदत केली. आई आतल्या बाजूला, पदर घट्ट धरून. त्यांचा चेहरा इतका लहान झाला होता की मला बघवेना. सुनेने असं का केलं ते समजावून सांगावं असं जिभेवर आलं होतं, पण ते माझं बोलणं नव्हतं. रिक्षावाला शेअरच्या तिसऱ्या सीटची वाट बघत होता. मग आईंनी खालच्या आवाजात विचारलं, "नलू, उद्या पेज करतलंस मां?"

"न करायला काय झालं?" सावंतबाई नेहमीसारख्याच वैतागल्या. "तांदूळ संपलेत घरातले. जाताना घ्यायचेत, आठवण करा मला."